मी वाकडा, बोलणी मात्र आईला

गाडी सुरू करण्याआधी जरा माझ्याकडे बघा. हॉर्नभोवती हा काळा गोल दिसतो ना, तोच मी, या गाडीचं स्टिअरिंग. आज माझ्या बोलण्यात थोडी ऐट जाणवली तर चालवून घ्या. ती मी कमावली आहे.

कारखान्यात मला बसवलं तेव्हा माझे दोन्ही आडवे दांडे अगदी समपातळीत होते. माझे पहिले मालक म्हणजे या घरातले बाबा. त्यांचे हात शांत. सिग्नलला थांबले की बोटांनी माझ्यावर हलकेच ताल धरायचे. ते गेले आणि किल्ली लेकाच्या हातात आली.

लेक तसा गुणी, पण हौशी. गाडी उंच दिसली पाहिजे, हा त्याचा ध्यास. एका मित्राच्या गॅरेजमध्ये त्याने चारही स्प्रिंगा बदलून घेतल्या. गाडी उंच झाली खरी, पण चाकांना जोडलेले खालचे रॉड ओढले गेले आणि मी उजवीकडे कललो. "चाकांचं अलाइनमेंट नंतर करू," लेक म्हणाला. माणसांचं हे 'नंतर' मला चांगलं माहीत आहे. ते सहसा उजाडत नाही.

लेकाला सवय झाली. तो मला तिरका धरूनच गाडी सरळ न्यायचा आणि गाणी म्हणायचा. मला मात्र लाज वाटायची. कुणी काचेतून आत डोकावलं की अंग चोरावंसं वाटे.

मग आईने गाडी शिकायचं मनावर घेतलं. तिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, आजारपणामुळे घराबाहेर न पडणारी. तिकडे जायचं तर दोन बस बदला, नाहीतर लेकाची मनधरणी करा. "नेतो गं रविवारी," तो म्हणायचा आणि रविवार निघून जायचा. बहिणीला हवं तेव्हा भेटता यावं, एवढ्यासाठी आई साठीला टेकलेली असताना माझ्यासमोर येऊन बसली. तिचे तळहात घामेजले होते. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

पण झालं भलतंच. ती मला सरळ धरायची, कारण कुणीही शहाणं माणूस तेच करील. आणि मी सरळ झालो की गाडी डावीकडे जायची.

"आई, डावीकडे काय ठेवलंय? सरळ धर ना."

"सरळच धरलंय रे."

लायसन्सच्या परीक्षेत तेच झालं. चाक पांढऱ्या रेघेवर गेलं आणि परीक्षक म्हणाले, "बाई, गाडी रेघेबाहेर जातेय. अजून सराव करा." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण हॉर्न माझ्या हातात नाही.

लेकाने उपाय काढला. माझ्या कडेवर लाल चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, "ही पट्टी वर राहिली म्हणजे सरळ." माझ्या कपाळाला टिकली लावल्यासारखंच ते. वळण घेतलं की पट्टी कुठे नि मी कुठे, आई बिचारी शोधत बसायची. शेवटी तिने मोकळ्या मैदानावर गाडी थांबवली. "राहू दे. माझ्या हातालाच वळण नाही. कशाला तुला त्रास?" त्या वाक्याने माझं काळीज तुटलं.

लेक म्हणाला, "एक शेवटची चक्कर मार, मग जाऊ."

तिने पहिला गिअर टाकला आणि हताशपणे दोन्ही हात मांडीवर ठेवले. गाडी हळूहळू नाकासमोर चालू लागली. मी मात्र तिरकाच. आईने माझ्याकडे पाहिलं, समोर पाहिलं, मग शांतपणे ब्रेक दाबला.

"मी सोडलं की गाडी सरळ जाते आणि हे वाकडं होतं. मग वाकडं कोण?"

लेक चुळबुळला. "स्प्रिंगा बदलल्यापासून आहे ते. सवय झाली होती गं."

"सवय तुला झाली, नापास मी झाले."

दुसऱ्याच दिवशी ती मला अलाइनमेंटवाल्याकडे घेऊन गेली. लेक म्हणाला, "स्टिअरिंग काढून सरळ बसवा की. दोन मिनिटांचं काम."

"वरून सरळ दिसेल, खाली तसंच राहील," अलाइनमेंटवाला म्हणाला. "टायर झिजतील, वळण संपल्यावर इंडिकेटरही धड बंद व्हायचा नाही." त्याने मला बरोबर मध्यावर आणून सीटला टेकलेल्या दांड्याने जखडलं. मग खाली उतरून दोन्ही बाजूंचे रॉड थोडे थोडे फिरवले. आईने स्वतःच्या नखाने ती लाल पट्टी खरवडून काढली. पुन्हा रस्त्यावर आलो तेव्हा माझे दांडे समपातळीत होते आणि गाडी सरळ. काय सांगू, मान ताठ होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं!

परीक्षेच्या दिवशी आईने रेघेच्या आतून गाडी अशी नेली की तेच परीक्षक म्हणाले, "सराव केलात वाटतं." ती फक्त हसली.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. गाडीवर काही नवं काम केलंत आणि मी तिरका दिसलो, तर माझी सवय करून घेऊ नका. खालचं दुरुस्त करा. आणि चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा माझ्याकडे बघा.

लायसन्स हातात पडलं त्या सकाळी लेक किल्ली घ्यायला आला, तर खुंटी रिकामी. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलो होतो. एका खिडकीखाली आईने इंजिन बंद केलं, एक हात माझ्यावर ठेवला आणि फोन लावला.

"ताई, खिडकीतून खाली बघता येतंय का? मी आलेय. नाही गं, कुणी नाही सोडलं. माझी मीच आलेय."