क्वे अक्काचा जन्म व्हायचाय

आमच्या बेटावर नवव्या महिन्यात वारा असा सुटतो की कोंबडी अंडं इथे घालते आणि ते सापडतं शेजारच्या बेटावर, तेही उकडलेलं. हे ज्याला पटत नाही त्याने पुढचं वाचू नये, कारण पुढचं याहून खरं आहे.

मी ओउ, वृद्ध संघाचा सेक्रेटरी. वय एकाहत्तर. गावात संगणक येणाऱ्यांत सगळ्यात तरुण मीच, म्हणून नवव्या महिन्याच्या नवमीला होणाऱ्या ज्येष्ठांच्या मेजवानीची यादी माझ्याकडे. यंदा तालुक्याच्या कचेरीने एक ॲड-इन पाठवलं. ते स्प्रेडशीटला जोडायचं, बटण दाबायचं, की जुन्या फाईलमधली नावं आपोआप तक्त्यात येऊन वयाप्रमाणे रांगेत बसतात. सोबत दोन पानं होती, 'पूर्वअटी व ज्ञात अडचणी'. त्या पानांत मी शेंगदाणे बांधून घेतले आणि बटण दाबलं.

यादी छापली, तिच्यावर शिक्के बसले, देवळाच्या भिंतीवर लागली. तासाभरात येन स्यू-क्वे, म्हणजे आमची क्वे अक्का, काठी आपटत कचेरीत हजर.

"ओउ, माझं नाव कुठाय रे? मेले का मी?"

मी पडद्यावर यादी तळापर्यंत पाहिली. "नाही अक्का, मेली नाहीस. तुझा अजून जन्म व्हायचाय. दोन हजार एकोणतीसला."

आता आमच्याकडे साल मोजतात ते प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून, एकोणीसशे बारा म्हणजे साल एक. अक्का एकोणतीस सालची, म्हणजे एकोणीसशे चाळीसची, वय पंच्याऐंशी. त्या ॲड-इनला हे कोण सांगणार? त्याने एकोणतीस म्हणजे दोन हजार एकोणतीस धरलं, आणि तीसपासून पुढचं सगळं गेल्या शतकातलं, तीस म्हणजे एकोणीसशे तीस. त्यामुळे तीस साली जन्मलेला अक्काचा धाकटा भाऊ थिएन-लाई एका बटणात पंचाण्णव वर्षांचा झाला. बाकी गावही अकरा वर्षांनी म्हातारं झालं. मी ब्याऐंशीचा झालो आणि त्याच दिवसापासून माझा गुडघा दुखतोय. चौपन्न वर्षांचा न्हावी ज्येष्ठांत बसला म्हणून त्याची बायको तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

अक्काला यातलं काही ऐकायचं नव्हतं. मेजवानीत गावातलं सगळ्यात थोरलं माणूस मोठा पिठाचा पीच कापतं, पीच फळासारखा दिसणारा, दीर्घायुष्याचा वाफवलेला पाव. वरून गुलाबी, आत लाल घेवड्याच्या गोड सारणाचे बारके पीच. कापणाऱ्याने पहिला तुकडा आधी स्वतः खायचा. अक्काहून थोरली एकच म्हातारी होती, ती गेल्या हिवाळ्यात गेली.

"सात वर्षांची असल्यापासून ताटं वाढतेय रे मी," ती हळू आवाजात म्हणाली. "आई समुद्रावर, आणि हे ध्यान माझ्या गळ्यात. मासा शिजला की आधी त्याला, रताळं भाजलं की आधी त्याला. एकदा, मरायच्या आधी, पहिला घास मला खायचाय. तोही खाऊन घेणार तो?"

तेवढ्यात थिएन-लाई दारात. "कोण ओरडतंय एवढं? वडील माणसासमोर हळू बोलावं, बाळ."

"बाळ? तुझं नाक मी पुसलंय, मुडद्या!"

"यादीवर शिक्का आहे. दादा म्हणायचं मला."

आठवडाभर त्याने गावाला जगू दिलं नाही. कोळणींना आशीर्वाद देत हिंडला. मंदिरासमोरून जाताना थोरल्यासारखा खोकायचा.

इकडे मी शेंगदाणे संपवले आणि पानं उलगडली. पूर्वअट तिसरी: जन्मसाल चार आकडी, इसवी सनातच असावं. हाताने सगळी सालं बदलून फाईल पुन्हा आत घेतली. मग ज्ञात अडचण नववी वाचली: फाईल दुसऱ्यांदा घेतल्यास जुन्या नोंदी जात नाहीत. आता यादीत प्रत्येक जण दोनदा. पंचाण्णवचा थिएन-लाई वर, पंच्याऐंशीची अक्का त्याच्या बरीच खाली, आणि न जन्मलेली अक्का तळाशी. तालुक्याने दुप्पट खुर्च्या पाठवल्या. थोरलं कोण म्हणाल, तर अजून तोच.

नवमीला संघाच्या अध्यक्षांनी यादी वाचली आणि सुरी थिएन-लाईच्या हातात दिली. "अहो, चूक आहे ती!" मी ओरडलो, पण वाऱ्याने माझा आवाज चीनच्या किनाऱ्यावर नेऊन टाकला. अक्का मान खाली घालून टेबलावरचा डाग नखाने खरवडत होती.

थिएन-लाईने पीच कापला. पहिला तुकडा उचलला. सगळं गाव बघतंय.

"मी थोरला ना?" तो म्हणाला.

"शिक्का आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मग थोरल्याने आधी धाकट्याला भरवायचं. आमच्या घरात तीच रीत आहे, मला माझ्या बहिणीने शिकवलीय." आणि त्याने तो तुकडा अक्काच्या तोंडापुढे धरला.

अक्काने डाग खरवडणं थांबवलं. मग तोंड उघडलं. चावला, गिळला, पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले.

"सारण कमी आहे," ती म्हणाली. "दुसरा तुकडा दे, दादा."

यादी मी अजून दुरुस्त केलेली नाही. वरून विचारणा झाली, तर मी ज्ञात अडचणींत दहावी लिहून पाठवली: दुरुस्तीस दोन्ही ज्येष्ठांची हरकत.