रिंगणातलं गवत

माळावर माणसांची रीघ लागली होती. चहूकडे उघडी तांबडी जमीन, आणि मधोमध गुडघाभर गवताचं हिरवंगार रिंगण. भोवती ना कुंपण, ना काटेरी फांदी. तरी भुकेल्या शेळ्या कडेपर्यंत जायच्या, मान खाली घालायच्या आणि फुरफुरत मागे फिरायच्या.

गवतामागच्या झोपडीत हिरवे महाराज राहत. रोज तांब्यातून मंतरलेलं पाणी गवतावर शिंपडत, आणि उद इतका जाळत की डोळे चुरचुरावेत. "मुकं जनावर देवाची रेघ ओळखतं, माणूस ओळखत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर भलेभले डोळे पुसत. माळाला शाप आहे, माळ माझ्या नावावर करा, सगळा असाच हिरवा करून दाखवतो, असं त्यांनी गावाला सांगितलं होतं.

माळ सगळ्या गावाचा. तो गेला तर शेळ्या-मेंढ्या चारायच्या कुठे? प्रश्न माझ्या पोटात होता, ओठांवर येत नव्हता. कारण माळ द्यायला सर्वांत आधी तयार झाला तो गावचा कारभारी, म्हणजे माझा थोरला भाऊ. दादापुढे बोलायची माझी टाप नव्हती. घरात मी महाराजांच्या नकला करायचो आणि माळावर येऊन हात जोडायचो.

माळ द्यायच्या दिवशी शाळेच्या बाईही आल्या. उदाच्या धुराने त्यांना ठसका लागला, म्हणून धूर नव्हता त्या बाजूला, गवताला लागून उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी साधंच विचारलं, "या गवताला लेंड्यांचा वास का येतो?"

महाराज हसले. तो पावित्र्याचा सुगंध आहे, नास्तिकाच्या नाकाला असाच लागतो, म्हणाले. मला हसू येणार होतं, तेवढ्यात वहिनीकडे लक्ष गेलं. तिचा चेहरा पडला होता. आमच्या गावात अंगणात नवं रोप लावलं की त्यावर लेंड्या कालवलेलं पाणी शिंपडतात. त्या वासाने शेळी तोंड लावत नाही, हे पोरंसोरंही जाणतात. तेच पाणी महाराजांच्या तांब्यातून पडलं आणि आम्ही लोटांगणं घातली.

वहिनीने मूठभर गवत कापलं, घागरीच्या पाण्यात खळखळून धुतलं आणि आमच्या शेळीपुढे धरलं. शेळीने ते बघता बघता फस्त केलं.

"देवाची रेघ पाण्याने धुतली जाते होय, महाराज?" वहिनीने विचारलं.

महाराज तांब्या घेऊन झोपडीकडे सरकले. झोपडीमागे लेंड्यांच्या पाण्याचं पिंप सापडलं. लोक अंगावर धावून जायच्या बेतात होते, दादाने अडवलं. जाता जाता महाराज त्यालाच म्हणाले, "वास कसला का असेना, गवत उगवलं ना? बाकीच्या माळावर एक काडी दाखव."

दादाने उघड्या माळावर नजर फिरवली. तो बाईंकडे बघायला लागला.

"बी मातीत होतंच, पाऊसही सगळीकडे सारखाच पडला," बाई हळूच म्हणाल्या. "इथे कोंब खायला कुणी आलं नाही, एवढंच."

माळाचा एक तुकडा पावसाळाभर राखा, चराई आळीपाळीने करा, असं याच बाई गावाला पूर्वी सांगून थकल्या होत्या. तेव्हा सगळ्यांनी त्यांना हसण्यावारी नेलं होतं. महाराजांनी तेच लेंड्यांच्या पाण्याने गुपचूप केलं, आणि शापाची भीती घालून बदल्यात अख्खा माळ मागितला.

दादाने रिंगणाबाहेरच्या मातीवर हात ठेवला. "म्हणजे शाप आपल्याच शेळ्यांच्या तोंडी होता," तो म्हणाला. "आणि शेळ्या आपणच सोडल्या." त्याने मान वर केली नाही. मला त्याच्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटली. त्याने निदान मनापासून हात जोडले होते.

आता एक तुकडा आम्ही राखतो. तिथे लेंड्यांचं पाणी आम्हीच शिंपडतो, दिवसाउजेडी, मंत्राशिवाय. परगावचे लोक गवत बघून विचारतात, कुणाची कृपा? सांगताना जीभ अडखळते, तरी सगळं सांगतो. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी जरा वाकून वास घ्या. आम्हीही वाकलो होतो, पार कपाळ टेकेपर्यंत. नाक तेवढं बंद ठेवलं होतं.