बोगद्यात अडलेलं इंजिन

भाऊने रिमोटवरची कळ खाली ओढली आणि ढमी बोगद्यात शिरून थांबली. हे नेहमीचंच होतं. बघायला कुणी आलं की इंजिन बोगद्यात दडवायचं, बघणाऱ्याला वाटू द्यायचं की बंद पडलं, आणि मग शिट्टी मारत बाहेर काढायचं. शेजारचे मास्तर ही गंमत कितव्यांदा तरी बघत होते, पण भिडेखातर डोळे मोठे करून उभे होते.

भाऊने कळ वर केली. काहीच झालं नाही. त्याने शिट्टीचं बटण दाबलं. ढमी मुकीच.

ढमी म्हणजे भाऊने स्वतः घडवलेलं वीतभर उंचीचं इंजिन, खऱ्या वाफेवर चालणारं. जन्मभर कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, हा बॉयलरच्या नादी लागला. परसात रूळ टाकले, कोपऱ्यात दगड रचून सिमेंटने पक्के केले आणि त्यातून एक वाकडा बोगदा नेला. इंजिनाच्या पोटात पाणी, खाली गॅसचा बर्नर आणि मागे, चालकाच्या खोपटात, गॅसची अंगठ्याएवढी टाकी. रिमोटचा हुकूम ऐकायला आत एक डबी बसवली होती. ती वाफेची वाट उघडायची, मिटायची, शिट्टीही वाजवायची.

आता वाट मिटलेली होती आणि बर्नर पेटलेला.

"सेल उतरले असतील," मास्तर म्हणाले.

"सकाळीच नवे घातलेत." तरी भाऊने रिमोट उघडला. सेल काढून परत घालताना एक हातातून निसटला आणि गवतात गेला. मास्तरांनी तो उचलून दिला. रिमोटवरचा दिवा लख्ख लागला. भाऊ बोगद्याच्या तोंडाशी उकिडवा बसला, रिमोट थेट आत धरला, बंद केला, चालू केला, कळ वर-खाली केली. ढमी ढिम्म हलेना.

आतून फुस्स असा आवाज आला आणि दगडांच्या फटींतून वाफ निघाली.

पायरीवर मटार सोलत बसलेली ताई उठून उभी राहिली. ती भाऊची थोरली बहीण. उमेदीची सगळी वर्षं तिने ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली होती, आणि नवरा गेल्यापासून ती इथेच राहत होती. हत्यारं तिला कळत, इंजिनं कळत नसत. पण भाऊच्या चेहऱ्याचा उडालेला रंग तिला लांबूनही दिसला.

"काय झालं रे?"

"सेफ्टी व्हॉल्व्ह उडतोय. वाफ जातेय तोवर ठीक आहे. पाणी संपलं की बॉयलर कोरडा जळणार." त्याने बोगद्यात डोकावून पाहिलं. "आणि आत हवा खेळत नाही. गॅसची टाकी तापतेय."

"तापली की?"

मास्तर न सांगताच चार पावलं मागे सरकले.

"शेवटचा डबा दिसतोय की," ताई म्हणाली. "ओढ ना बाहेर."

त्याने डबा धरून ओढला. तीन डबे सुरसुर करत बाहेर आले. इंजिन आतच राहिलं. डब्यांना इंजिनाशी जोडणारा आकडा सुटला होता.

"काठीने पुढे ढकलू या का?" मास्तर लांबूनच म्हणाले.

"वळणावर आहे ते! आडवं झालं तर बर्नर टाकीवरच येईल!" भाऊ खेकसला. मग त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते, जणू आतल्या एकेका तारेवरून बोट फिरवत होता. "शिट्टीही नाही, वाफही नाही. दोन्ही एकदम बिघडणार नाहीत. म्हणजे डबीलाच वीज नाही. म्हणजे तो प्लग…"

वाक्य अर्धवट राहिलं. तो प्लग तांदळाच्या चार दाण्यांएवढा. सकाळी, दार लावून घेऊन, त्याने स्वतःच बसवला होता.

ताईला उरलेलं वाक्य कळलं. गेले कित्येक महिने ती बघत होती. भाऊ हल्ली चहा अर्धा कपच घ्यायचा. बटणांचे शर्ट कपाटात पडून होते. हात खिशात का, असं विचारलं तर म्हणायचा, थंडी वाजते; तेही भर उन्हात. एकदा तिने डॉक्टरांचा विषय काढला तर दोन दिवस अबोला धरला होता.

आणि आता तो बाही सरसावून बोगद्यात हात घालायला निघाला होता.

"भाऊ, थांब."

"गॅस बंद करायची चावी मागच्या बाजूला आहे. हात पोचतो माझा."

"पोचेल. पण तिथे स्थिर राहायचा नाही."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लहानपणी बाबांच्या हातचा मार खाल्ल्यावर बघायचा तसं.

"तुझा हात थरथरतो," ती हळूच पण स्पष्ट म्हणाली. "चावी समजून बर्नरला लागला तर हात गेला. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. भांडायचं असेल तर नंतर भांड. आता मला सांग, मी काय करू?"

फुसफुस बारीक होत चालली होती. पाणी संपत आलं होतं.

भाऊ बाजूला सरकला. "जाड तार आण. टोकाला आकडा कर. आणि ओलं फडकं."

ताईने दोरीवरचं फडकं बादलीत बुचकळलं, कपाटातला तारेचा हँगर उलगडला आणि सांडशीने त्याचं टोक वाकवलं. मग गवतावर पालथी पडली. गरम हवेचा लोट तोंडावर आला. आत अंधारात निळसर जाळ दिसत होता. नेहमीपेक्षा मोठा.

"जाळ वाढलाय रे."

"टाकी तापली की वाढतोच. खालच्या बाजूला आकडा चाचप. जोरात नको."

तार लोखंडावर किणकिणली, सुटली. पुन्हा किणकिणली. घाम डोळ्यांत उतरला, पण तिने पापणी हलवली नाही. मागे मास्तर पुटपुटत होते. देवाचं नाव होतं की शिव्या, कोण जाणे.

"लागला."

"आता सरळ ओढ. हिसका देऊ नकोस. चाकं कुरकुरतील, कुरकुरू देत."

ढमी रुसल्यासारखी इंचाइंचाने मागे आली. खोपट उजेडात आलं. त्याचा हिरवा रंग फोडासारखा फुगला होता. फुसफुस थांबलेली होती आणि ती शांतताच जास्त भयंकर वाटत होती.

"पितळी चावी. उजवीकडे फिरव."

तिने ओलं फडकं बोटांभोवती गुंडाळून चावी धरली. चर्र झालं. चटका फडक्यातून आत पोचला, पण तिने चावी सोडली नाही. जाळ लपलपला आणि विझला.

मास्तर बादली घेऊन धावले. भाऊ ओरडला, "पाणी नको! तापलेला बॉयलर फुटेल!" मास्तर इतके दचकले की निम्मं पाणी स्वतःच्याच पायजम्यावर सांडलं. ताईला हसू फुटलं आणि हसताहसताच ती गवतावर उताणी पडली.

ढमी निवल्यावर तिने डबीचं झाकण उघडलं. प्लग अर्धाच बसलेला होता. नुसतं बोट लावलं तर निघून आला. तिने झाकण तसंच हातात धरून ठेवलं.

"काय निघालं?" मास्तरांनी विचारलं.

ताई झाकणाकडेच बघत राहिली. भाऊने घसा खाकरला.

"प्लग मी नीट बसवला नव्हता, मास्तर. बसवता येत नाही मला. हात थरथरतात."

मास्तर भाऊच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "माझे डॉक्टर चांगले आहेत. मी येतो बरोबर."

"ताई येईल," भाऊ म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी भाऊपुढे कोरा कागद ठेवला आणि आतून बाहेर उलगडत जाणारी गोल रेघ काढायला सांगितली. ज्या माणसाने केसाएवढ्या मापाचं काम केलं होतं, त्याची रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटली. भाऊने ती शेवटपर्यंत काढली, मध्ये सोडली नाही. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"औषध सुरू केलं की बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण जाणार नाही, हेही सांगून ठेवतो."

"सांगितलंत ते बरं केलंत," भाऊ म्हणाला. टेबलाखाली ताईने त्याचा हात धरला होता, आणि या वेळी त्याने तो खिशात लपवला नाही.