गुडघे टेकण्यापुरता घेर

इफेओमाच्या लग्नाचा स्कर्ट मी तिसऱ्यांदा उसवला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घरीच शिवणकाम करते. इफेओमा आणि तिची थोरली बहीण न्केची, दोघी नायजेरियाच्या, माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांच्याकडे लग्नात नवरी गुडघे टेकून नवऱ्याच्या हातात पेला देते.

"शालिनी आंटी, घेर ठेवा. तिला नीट गुडघे टेकता आले पाहिजेत," न्केची म्हणाली. "बाईने बाईसारखं वागावं."

"इतका घट्ट करा, की वाकताच येणार नाही," इफेओमा फणकारली. "मी कुणापुढे गुडघे टेकणार नाही!"

"बस्स, खलास!" तोंडातल्या टाचण्या काढून मी ओरडले. "त्या नवऱ्यालाच टेकायला सांगा गुडघे! त्याची पँट काही मला शिवायची नाहीये."



"सगळ्यांसमोर? तो?" न्केची म्हणाली.

"छे, आंटी," इफेओमाही म्हणाली, "ते बरं दिसेल का?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं, तेही यावर! मी मुकाट्याने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. आणि मी समजत होते, आपल्या भावाला कधी वाकू न देणाऱ्या माझ्या नणंदा मागे रत्नागिरीतच राहिल्या.