कंसातलं नाव

“ही माझी नाय हां गो. ही सीतावैनीची.”

शेवंतीमावशीचा हा आवाज गौरजाच्या कानात लहानपणापासून बसलेला. जात्याचा खुंटा धरायचा, मूठभर तांदूळ आत सोडायचे, आणि ओवी ओठांवर यायच्या आधी ती कोणाच्या तोंडची ते सांगायचं, अशी मसुऱ्याच्या त्या घराची रीत होती. सीतावैनी म्हणजे मावशीची मोठी जाऊ; समोरासमोर बसून दोघींनी उभं आयुष्य दळलं. काही ओव्या वालावलच्या आजीच्या. जिचं नावच ठाऊक नाही तिच्यासाठीसुद्धा मावशी थांबायची. “आंगणेवाडीच्या जत्रेत एक बाय गावलेली, हिरव्या लुगड्याची. तिची ही.” मगच जातं घरघरायचं.

पुढे गौरजा ओव्यांवरच पीएचडी करू लागली. मावशीजवळ बसून तिने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं आणि रात्रंदिवस टाइप करून काढलं. तिचे मार्गदर्शक परुळेकर सर म्हणाले होते, “गाणं तेवढं उतरव. मधली बडबड नको.” त्या बडबडीत सीतावैनी गेली, वालावलची आजी गेली, हिरव्या लुगड्याची बायही गेली. गौरजाला तेव्हा काही वाटलं नाही. कागद कसा स्वच्छ दिसत होता. सरांनी त्याच कागदांवरून पुस्तक काढलं. वर सरांचं नाव, आत प्रस्तावनेच्या शेवटी ‘मसुरे परिसरातील स्त्रियांचे आभार’. त्या दिवशी गौरजाने स्वतः पेढे वाटले होते.

आता प्रबंध जमा करायचा तर आधी एक शोधनिबंध छापून यायला हवा होता. नोंदणीची मुदत संपत आलेली, कॉलेजातली तासांवरची नोकरी त्याच्यावर लटकलेली. तिने निबंध लिहिला. प्रत्येक ओवीपुढे कंस केला आणि कंसात मावशीचं नाव घातलं, पुढे ‘मुलाखत, मसुरे’. मासिकाच्या संपादकांचा शेरा घेऊन तो परत आला. मौखिक माहितीची पडताळणी होत नाही. मजकुरात प्रकाशित ग्रंथाचाच संदर्भ द्यावा, अन्यथा ओव्या वगळाव्यात.

तिने सरांना फोन लावला.

“मग दे की माझ्या पुस्तकाचा,” सर म्हणाले. “आडनाव, साल, पान. दोन मिनिटांचं काम.”

“पण सर, ओव्या मावशीच्या आहेत.”

“अगं, ओव्या कुणाच्याच नसतात. लोकांच्या असतात.” सर हसले. “आणि तुझी मावशी काय कोर्टात जाणार आहे? तू आधी पीएचडी तर हो.”

मग तिने कंस बदलले. एकेक करून. निबंध छापून आला.

ही बातमी मावशीला कोणी सांगितली कोण जाणे, पण त्या दुपारी गौरजा मसुऱ्याला पोचली तेव्हा मावशी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, तिची वाटच बघत बसली होती. शेजारी सुपात आमसुलं वाळत घातलेली, बोटं लालजांभळी. काचबिंदूने डोळे पार गेलेले. पण चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखण्याची सवय तशीच.

“इलंस मां? पुस्तक हाडलंस?”

“पुस्तक नाय गो, मासिक आसा.”

“तांच तां. वाच. माझा नाव खंय आसा तां आधी वाच. शेजारच्या रुक्मिणीक सांगून ठेवलंय. ती म्हणता, म्हातारे, तुझा नाव फकस्त रेशनकार्डार. तिका दाखवूक व्हया.”

मावशी दात नसलेल्या तोंडाने हसली. गौरजाने मासिक उघडलं. पानावर जे होतं ते तिच्याने वाचवेना. तिने ओवी वाचली, कंसापाशी आली, आणि कंसात नसलेलं नाव मोठ्याने म्हटलं: “शेवंती, मसुरे.”

“परत म्हण.”

“शेवंती, मसुरे.”

मावशी मान डोलवत राहिली. गौरजा पुढे वाचत गेली. प्रत्येक कंसाशी तेच. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे तिला नवंच होतं. एकदा जीभ वळली की आपसूक वळत जाते.

“पडाव गेलो माझो देवगडच्या पल्याड,
दारी लायलंय माड, वाट बघूक.
शेवंती, मसुरे.”

मावशीचा हात आमसुलांवरच थांबला.

“काय म्हणलंस?”

“ओवी गो तुझी.”

“ही माझी?” मावशीने डोकं वर केलं. नजर गौरजाच्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे. “माझो घोव ह्याच खळ्यात मेलो, खाटल्यार. मी तेच्या तोंडात पाणी घातलंय. पडाव सीतावैनीच्या घोवाचो गेलो, दर्यात, तो परत इलोच नाय. ती बाय संध्याकाळची त्या माडाक टेकान उभी ऱ्हवायची, जेवणाक हाक मारली तरी येयत नसायची. तिचा दुख माझ्या नावार लिवलंस?”

“मावशे, माका वाटला…”

“मी तुका सांगलंय नाय? दर येळेक सांगलंय! आता रुक्मिणी काय म्हणात? मेलेल्या जावेची ओवी चोरली. तिका मूल नाय, बाळ नाय. तिचा नाव घेणारी मी एकटीच.” तिचा आवाज चिरकला. सूप कलंडलं, आमसुलं शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरली. “खोडून घाल तां. आत्ताच्या आत्ता. पेन आसा मां तुझ्याकडे?”

“छापलेला आसा गो. सगळीकडे गेला.”

“मगे जावन सांग तेंका! चूक झाली म्हणान सांग. शेवंतीचा नाव काढा, सीतेचा घाला. माझा एकपण नसला तरी चलात.”

गौरजा खाली बसून आमसुलं गोळा करू लागली. सांगायचं कोणाला? कोणाच्याच कंसात सीता बसत नव्हती. रेकॉर्डिंगचा फोन कधीच मोडीत गेला होता, आणि ‘बडबड’ तिने आपल्या हातांनी पुसली होती. कुठली ओवी कोणाची, हे आता या आंधळ्या बाईच्या डोक्याबाहेर कुठेच उरलं नव्हतं. आणि त्या डोक्याची पडताळणी होत नाही.

मावशी चाचपडत पुढे झाली. लालजांभळ्या बोटांनी तिने गौरजाच्या हातातलं मासिक ओढून घेतलं आणि त्या पानावरून बोटं फिरवू लागली, जणू अक्षरं हाताला लागणार होती.

“खंय लिवलंस माझा नाव? बोट ठेव. माका दाखव. मीच खोडतंय.”

गौरजाने तिचं मनगट धरलं. धरूनच ठेवलं.

“मावशे, थंय तुझा नाव नाय,” ती म्हणाली. “सीतावैनीचा पण नाय. कोणाचाच नाय गो. सगळ्या ओव्यांपुढे परुळेकर सरांचा नाव आसा. आणि तां माझ्याच हातान लिवलंय.”