शाळेजवळचं शाईचं दुकान

चिंतामणरावांची दृष्टी गेली आणि सांगलीच्या शाळेतली शिक्षकाची नोकरीही सुटली. दिवसभर ते खाटेवर पडून राहत. त्यांच्या बायकोने, पद्माने, वाचनालयातून व्यापारावरचं एक पुस्तक आणलं. दुपारी ती ते मोठ्याने वाचून दाखवी, मग बुद्धिबळाचा पट मांडी. चिंतामणराव तोंडाने चाल सांगत आणि दोघांचे मोहरे तीच हलवी.

पद्मा नेहमी हरायची. "माझा पहारा असतो तिथेच तू शिरतेस," ते म्हणत. "मोकळी बाजू बघ की."

एका दुपारी तिने मोकळ्या बाजूने शिरून त्यांच्यावर मात केली. ते खूश होऊन हसले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, पुस्तकातही हेच आहे. पेठेत शाईची दुकानं पुष्कळ, पण नव्या शाळेजवळ एकही नाही. आपण काढू या."

"मला दिसत नाही, पद्मा."

"शाई मी करीन. मुलांशी बोलायला तुम्ही हवेत."

त्यांनी चाचपडत तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

१९४६च्या जूनमध्ये दुकान उघडलं. पहिल्याच सकाळी एक मुलगी आली. "गुरुजी, दौत भरून द्या."

चिंतामणरावांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीचा आवाज लगेच ओळखला. "शकिला ना तू? पाढे पाठ झाले का गं?"

शकिला लाजून हसली. दौत भरता भरता पद्मा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.