पंचांनी फार चौकशी केली

मी पेटी बोलतेय. वाजवायची पेटी, हार्मोनियम, सानपाड्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची. आमच्या चर्चची इमारत अजून कागदावरच आहे. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना भरते आणि बाकीचे दिवस मी तिथल्याच कपाटात खडूची धूळ खात पडून असते.

माझा जन्म दादरच्या एका कारखान्यातला. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला अरुणाताईंच्या नवऱ्याने मला घरी आणलं. पुढे ती दोघं वाशीला राहायला आली, तेव्हा इथं मराठी ख्रिस्ती घरं अगदी बोटांवर मोजण्याइतकी. उपासना ताईंच्याच फ्लॅटमध्ये व्हायची. पलंग भिंतीला उभा करायचा, सतरंजी अंथरायची आणि ताई मला पुढ्यात घेऊन बसायच्या. माणसं वाढली, घर पुरेना, तेव्हा ताईंनी मला मंडळीला देऊन टाकलं. माझ्यामागोमाग त्याही आल्याच.

नवरा गेला, त्याच आठवड्यात रविवारी त्या वाजवायला हजर! म्हाताऱ्या गोजराबाई कळवळून म्हणाल्या, "अगं, आज तरी राहू दे."

"घरी बसून काय करू, गोजराबाई? इथं निदान हात तरी कामात राहतात."

त्या दिवशी त्यांनी भाता इतका हळू ओढला की मलाच रडू फुटलं. तेव्हापासून ताईंचा सगळा जीव त्या रविवारच्या दोन तासांत होता.

मग मंडळीने पगारी संगीतप्रमुख नेमायचं ठरवलं. गायनसंघाला शिकवायचं आणि उपासनेत पेटी वाजवायची. पहिल्या खेपेला मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी काय दिवे लावले, विचारू नका! एका पंचाचा भाचा आला, गोड गोड बोलला, चहा संपायच्या आत नेमणूक. माझ्यावर तर तो तबला बडवल्यासारखी बोटं आपटायचा. ईस्टरच्या आदल्या दिवशी साहेब न सांगता पसार. ईस्टरला वाजवलं कुणी? ताईंनीच, आणि पुढेही दर रविवारी त्यांनीच.

पंच चांगलेच पोळले. उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेब म्हणाले, "आता घाई नाही. देवाचं काम आहे, माणूस पारखून घेऊ." लेखी अर्ज मागवायचे, आधीच्या चर्चमध्ये जाऊन चौकशी करायची, वाजवून घ्यायचं. आणि ज्याच्या नातेवाइकाचं नाव पुढे येईल, त्या पंचाने चर्चेला बसायचं नाही. खरं सांगते, मला हे सगळं पटलं होतं.

गोजराबाईंनी ताईंना टोकलंही, "तू दे की गं अर्ज."

ताई हसल्या. "मी? माझ्याच घरात राहायला अर्ज करू? विचारतील की ते मला."

निवडीच्या दिवशी मी टेबलावरच होते. ताईंचा धाकटा भाऊ नंदकुमार पंच होता, अगदी सरळ माणूस. बहिणीचं नाव निघणार हे तो धरूनच चालला होता. "मी बाहेर थांबतो, नियम तो नियम," म्हणाला आणि दार ओढून गेला.

आत पाळकसाहेबांनी विचारलं, "अरुणाताईंचं काय?"

"त्यांचा अर्ज नाही."

"नंदकुमारही काही बोलला नाही. थकल्या असतील हो, सुटायचं असेल त्यांना."

झालं! एवढ्यावर विषय संपला. ठाण्याच्या निशांतची चौकशी मात्र तीन चर्चमध्ये केली होती. मी आतून तडफडत होते. पण माझं तोंड दुसऱ्याच्या बोटांशिवाय उघडत नाही.

निशांत निवडला गेला. ताईंना कोण सांगणार? नंदकुमारला वाटलं पाळकसाहेब सांगतील, पाळकसाहेबांना वाटलं भाऊ सांगेल.

रविवारी ताई नेहमीसारख्या लवकर आल्या. पदराने मला पुसलं, स्टुलावर बसल्या, पहिलं गीत काढून ठेवलं. लोक जमले. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासून आपले नवे संगीतप्रमुख निशांत वाजवतील." टाळ्या पडल्या. ताईंची बोटं माझ्या पट्ट्यांवर होती, ती गार पडली. निशांत बिचारा गोंधळून शेजारी उभा.

ताई उठल्या. "बस बाळा," म्हणाल्या, आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. कुणाकडे पाहिलं नाही त्यांनी.

हॉल रिकामा झाल्यावर नंदकुमार त्यांना माझ्याजवळ घेऊन आला. "ताई, माझं चुकलं का गं? मी नियमाने बाहेर गेलो."

"बरोबर केलंस, नंदू," ताई म्हणाल्या. "पण तू बाहेर गेलास, मग आत माझं कोण होतं रे?"

नंदकुमारने मला उचलून कपाटात ठेवलं.

वर्ष झालं. ताई कामोठ्याला लेकीकडे राहायला गेल्या, उपासनेला येत नाहीत. नाताळात वाजवायला बोलवायला म्हणून पाळकसाहेब स्वतः जाऊन आले, तर म्हणाल्या, "आता बोटं वळत नाहीत." निशांत छान वाजवतो, खोटं कशाला बोलू? गायनसंघही सुधारलाय. तरी रविवार आला की मला ताईंचेच हात आठवतात, आणि फार रडू येतं.

पंचहो, पुन्हा कधी माणूस निवडायला बसाल, तर जरूर पारखून घ्या. फक्त अर्ज उघडायच्या आधी एकदा विचारा, हे काम आजवर कोण करत होतं? आणि मग कुणीतरी उठून त्या माणसाच्या घरी जा.